दीर्घ पाळी, सैन्यभरतीचा सराव आणि ऊर्जेचा जमाखर्च

सशस्त्र दलांत दाखल होण्याची आकांक्षा बाळगणाऱ्या तरुणांपैकी अनेक जण भरतीची तयारी करत असतानाच उपजीविकेसाठी काम करतात. औद्योगिक वसाहतीतील कारखाना, मालाचे गोदाम, सुरक्षा रक्षकाची चौकी, हॉटेल किंवा वाहतूक अशा ठिकाणी त्यांची पाळी अनेकदा बारा तासांची असते. पहाटे मैदान, दिवसभर काम आणि रात्री लेखी परीक्षेचा अभ्यास असा त्यांचा दिनक्रम असतो. काही आठवड्यांतच पाय जड होतात, धावेची वेळ सुधारण्याऐवजी घसरू लागते आणि पुस्तक उघडताच डोळे मिटतात. या अवस्थेला इच्छाशक्तीचा अभाव समजून सराव आणखी वाढवला जातो आणि थकवा अधिकच गडद होतो.

वस्तुतः हा प्रश्न मनोबलाइतकाच गणिताचा आहे. सराव शरीराला केवळ ताण देतो. क्षमता वाढते ती त्या ताणानंतर मिळणाऱ्या अन्नातून आणि विश्रांतीतून. दीर्घ पाळी नेमका हाच भाग हिरावून घेते. म्हणून सराव किती करावा याआधी शरीराची भरपाई किती होऊ शकते, हे ठरवणे आवश्यक ठरते. आरोग्य, पोषण, कामगार कायदे आणि मानव संसाधन विकास हे सर्व विषय या एका प्रश्नात एकत्र येतात. त्यामुळे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाच्या दृष्टीनेही तो उपयुक्त आहे.

चाचणीचे स्वरूप

केंद्र सरकारने १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर केली. २०२३ पासून सैन्यातील अग्निवीर भरतीत संगणकाधारित सामायिक प्रवेश परीक्षा आधी आणि शारीरिक चाचणी नंतर असा क्रम आला. परिणामी लेखी आणि मैदानी तयारी एकाच वेळी चालू ठेवावी लागते. सामान्य कर्तव्य पदाच्या शारीरिक चाचणीत १.६ किलोमीटर धाव ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत पूर्ण करणाऱ्यास पहिल्या गटाचे ६० गुण, तर दहा पुल-अप्ससाठी ४० गुण मिळतात. ९ फुटांचा खंदक ओलांडणे आणि नागमोडी तुळईवरून तोल सांभाळत जाणे यांत केवळ उत्तीर्ण व्हावे लागते. कर्मचारी निवड आयोगामार्फत होणाऱ्या केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीत पुरुषांसाठी २४ मिनिटांत ५ किलोमीटर आणि महिलांसाठी साडेआठ मिनिटांत १.६ किलोमीटर हा सर्वसाधारण निकष आहे. काही प्रदेशांसाठी वेगळे निकष असतात आणि प्रत्येक जाहिरातीत तपशील बदलू शकतो. म्हणून चालू जाहिरात पाहणे केव्हाही श्रेयस्कर.

या आकड्यांचा अर्थ वेगाच्या भाषेत समजून घ्यावा. साडेपाच मिनिटांत १.६ किलोमीटर म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी सुमारे ८२ सेकंदांत. २४ मिनिटांत ५ किलोमीटर म्हणजे प्रत्येक किलोमीटर ४ मिनिटे ४८ सेकंदांत. या दोन्ही चाचण्यांत तासन्‌तास धावण्याची गरज नाही. ठरावीक वेग काही मिनिटे टिकवून धरणे, ही त्यांची मागणी आहे.

शरीरातील ऊर्जेचे तीन मार्ग

स्नायूंच्या आकुंचनासाठी लागणारी ऊर्जा एटीपी या रेणूपासून मिळते. त्याचा साठा अत्यल्प असल्याने शरीर तो सतत नव्याने तयार करत राहते. यासाठी तीन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला मार्ग क्रिएटिन फॉस्फेटचा. तो अत्यंत वेगवान आहे, पण सुमारे दहा सेकंदांत ओसरतो. खंदक ओलांडताना तोच कामी येतो. दुसऱ्या मार्गात ग्लुकोजचे ऑक्सिजनविना विघटन होते. त्यातून झटपट ऊर्जा मिळते, मात्र स्नायूंत आम्लता वाढून वेग मंदावतो. तिसरा मार्ग ऑक्सिजनच्या साहाय्याने कर्बोदके व स्निग्ध पदार्थांच्या ज्वलनाचा. तो संथ असला तरी दीर्घकाळ चालतो. पाच-सहा मिनिटांच्या धावेत बहुतांश ऊर्जा, सुमारे चार-पंचमांश, याच मार्गाने येते.

कर्बोदकांचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो. प्रौढ व्यक्तीच्या यकृतात तो सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम असतो. दिवसभर उभे राहणे, ओझी उचलणे आणि जेवण चुकवणे यांमुळे हा साठा संध्याकाळपर्यंत कमी होतो. अशा स्थितीत वेगवान सराव केल्यास पाय साथ देत नाहीत. थकव्याचे पहिले कारण येथे सापडते आणि त्यावरचा उपाय ताटात आहे.

उष्मांकांचा जमाखर्च

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था भारतीयांसाठी पोषणाच्या शिफारशी तयार करते. या संस्थेची मुळे १९१८ मध्ये कुन्नूर येथे सुरू झालेल्या बेरीबेरीविषयक संशोधनात आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि या संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाला बैठ्या कामासाठी २,११०, मध्यम श्रमासाठी २,७१० आणि जड श्रमासाठी ३,४७० किलोकॅलरी दररोज लागतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे अनुक्रमे १,६६०, २,१३० आणि २,७२० आहेत.

धावण्याचा खर्च ढोबळमानाने दर किलोमीटरला दर किलो वजनामागे एक किलोकॅलरी असा धरतात. त्यानुसार ६५ किलो वजनाच्या उमेदवाराने ५ किलोमीटर धाव घेतल्यास सुमारे ३२५ किलोकॅलरी खर्च होतात. मध्यम श्रमाचे काम करणाऱ्या या उमेदवाराची दैनंदिन गरज अशा प्रकारे सुमारे ३,००० ते ३,१०० किलोकॅलरीपर्यंत जाते. म्हणजेच सरावाचा अतिरिक्त खर्च तीन-चार पोळ्या आणि वाटीभर डाळीइतकाच आहे. तूट पडते ती मुख्यतः पाळीच्या काळात जेवण टळल्यामुळे.

ही गरज महागड्या पूरक पदार्थांशिवाय भागवता येते. दिवसभरात ४०० ग्रॅम धान्य, १०० ग्रॅम डाळ किंवा चणे, अर्धा लिटर दूध, ५० ग्रॅम शेंगदाणे, ३० ग्रॅम गूळ, सुमारे ३५ ग्रॅम तेल, ३०० ग्रॅम भाज्या व बटाटे आणि दोन केळी घेतल्यास सुमारे ३,०५० किलोकॅलरी आणि ९० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. सर्वसाधारण प्रौढासाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. ६५ किलो वजनासाठी ती ५४ ग्रॅम होते. नियमित व्यायाम करणाऱ्यास त्याहून अधिक प्रथिने लागतात आणि वरील आहारातून ती गरज भागते. अंडी किंवा मासे खाणाऱ्यांना ती आणखी सहज साधते.

देशाच्या प्रत्येक प्रांताने श्रमिकांसाठी स्वस्त आणि सकस अन्न घडवले आहे. बिहार, झारखंड आणि पूर्व उत्तर प्रदेशातील सत्तू, कर्नाटकातील नाचणीचे मुद्दे, महाराष्ट्रातील भाकरी-पिठले आणि नाचणीची आंबील, सर्वत्र मिळणारे चणे-गूळ ही त्याची उदाहरणे. पाळीवर जाताना सत्तू किंवा भाजलेल्या चण्यांची पुडी सोबत ठेवता येते. त्यासाठी चूल लागत नाही की वेगळी सुट्टीही लागत नाही. बारा तासांच्या पाळीत एकच भरपेट जेवण घेण्यापेक्षा डबा दोन भागांत विभागणे आणि मध्ये एक अल्पोपाहार घेणे अधिक हितावह. सरावापूर्वी अर्धा-पाऊण तास आधी एखादे केळे किंवा थोडा गूळ पुरेसा असतो. सरावानंतर तासाभरात धान्य आणि डाळ किंवा दूध यांचा समावेश असलेला आहार घेतल्यास ग्लायकोजेनची भरपाई लवकर होते.

लोहाची कमतरता: दुर्लक्षित अडसर

पोटभर जेवूनही दम लागत असेल तर रक्ताकडे पाहावे लागते. ऑक्सिजन वाहून नेण्याचे काम हिमोग्लोबिन करते आणि त्यासाठी लोह लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिला आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयग्रस्त आढळले. भरतीच्या वयाला जवळचा असलेल्या १५ ते १९ वयोगटात हे प्रमाण मुलींमध्ये ५९.१ टक्के, तर मुलांमध्ये ३१.१ टक्के होते. पाच-सहा मिनिटांच्या धावेतील बहुतांश ऊर्जा ऑक्सिजनवर अवलंबून असल्याने रक्तक्षय असलेला उमेदवार कितीही सराव करूनही मागे पडण्याची शक्यता राहते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिनची तपासणी करून घेणे हे तयारीचे पहिले पाऊल मानावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ पुरुषांत प्रति डेसिलिटर १३ ग्रॅमपेक्षा कमी आणि गर्भवती नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असल्यास रक्तक्षय समजला जातो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात तपासणी व लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांची तरतूद आहे. हिरव्या पालेभाज्या, डाळी, बाजरी आणि अळीव यांतून लोह मिळते. जेवणात लिंबू किंवा आवळा असल्यास ते अधिक प्रमाणात शोषले जाते. याउलट जेवणासोबतचा चहा शोषणात अडथळा आणतो. पाळीवरील चहा जेवणानंतर तासाभराने घेणे एवढा साधा बदलही उपयोगी पडतो.

झोप: सर्वांत मोठी तूट

बारा तासांची पाळी आणि जाण्यायेण्याचे दोन तास धरल्यास चौदा तास संपतात. सात तास झोप धरली तर एकवीस तास होतात. उरलेल्या तीन तासांत आंघोळ, स्वयंपाक, जेवण, अभ्यास आणि सराव बसवावा लागतो. हेच गणित आठ तासांच्या पाळीसाठी मांडल्यास सात तास उरतात. बारा तासांच्या पाळीतील उमेदवार जेव्हा रोज दोन तास मैदानावर आणि दोन तास पुस्तकासमोर बसण्याचा निश्चय करतो, तेव्हा ते तास झोपेतूनच वजा होतात.

झोपेत शरीर स्नायूंची दुरुस्ती करते, वाढीचे संप्रेरक प्रामुख्याने गाढ झोपेत स्रवते आणि दिवसभरात वाचलेले स्मृतीत पक्के होते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चौदा दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोप घेणाऱ्यांची एकाग्रता दोन रात्री पूर्ण जागरण केलेल्यांइतकी खालावली. विशेष म्हणजे आपली क्षमता किती घसरली आहे, याची त्या व्यक्तींना पुरेशी जाणीवही नव्हती. थोड्या झोपेची सवय होते, हा समज त्यामुळे फसवा ठरतो. सवय होते ती थकव्याची.

चहा, कॉफी आणि कॅफिनयुक्त पेये ऊर्जा निर्माण करत नाहीत. ती थकव्याची जाणीव काही काळ दाबतात. कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्मे होण्यास साधारणपणे पाच तास लागतात. म्हणून झोपेच्या वेळेआधी किमान सहा तास ते टाळावे. बाजारातील ऊर्जापेयांत भारतीय मानकांनुसार प्रति लिटर १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकते. झोप पूर्ण न झालेल्या, पाणी कमी प्यालेल्या आणि उन्हात धावणाऱ्या व्यक्तीने अशा पेयांवर विसंबणे धोक्याचे आहे. पाळीच्या विश्रांतीत घेतलेली वीस-तीस मिनिटांची डुलकी त्यापेक्षा अधिक गुणकारी असते.

सरावाची मात्रा: प्रमाण कमी, तीव्रता कायम

वेळ मर्यादित असताना सरावातील काय कमी करावे, याचे उत्तर शरीरक्रिया विज्ञानाने दिले आहे. शिकागो येथील संशोधक रॉबर्ट हिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात या विषयावर प्रयोगमाला केली. सहभागी व्यक्तींनी आधी दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटे तीव्र सराव केला. नंतरच्या पंधरा आठवड्यांत एका प्रयोगात सरावाचे दिवस चार किंवा दोनवर आणले. दुसऱ्यात कालावधी २६ किंवा १३ मिनिटांवर आणला. तिसऱ्यात दिवस व कालावधी तोच ठेवून तीव्रता घटवली. दिवस किंवा कालावधी घटवूनही ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता टिकून राहिली. तीव्रता घटवल्यावर मात्र ती घसरली.

या निष्कर्षाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. हा नियम कमावलेली क्षमता टिकवण्याचा आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यास ती आधी दहा-बारा आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमवावी लागते. शिवाय १३ मिनिटांवर आलेल्या गटाचा दीर्घ काळ तग धरण्याचा गुण काहीसा घटला होता. त्यामुळे ५ किलोमीटरची तयारी करणाऱ्याने आठवड्यातून एक लांब धाव सोडू नये. तरीही मुख्य सूत्र स्पष्ट आहे. थकलेल्या शरीराने रोज आठ-दहा किलोमीटर रेंगाळत धावण्यापेक्षा आठवड्यातून तीन दिवस ताजेपणाने, ठरलेल्या वेगाने केलेला सराव अधिक फलदायी असतो.

त्यानुसार आठवड्याची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल. पहिल्या दिवशी हलक्या धावेने अंग गरम करून ४०० मीटरच्या चार ते सहा फेऱ्या अपेक्षित वेगाने घ्याव्यात आणि प्रत्येकीनंतर दोन-तीन मिनिटे चालावे. दुसऱ्या सत्रात बोलता येईल इतक्या सावकाश गतीने २५ ते ४० मिनिटांची धाव असावी. तिसऱ्या सत्रात ८०० मीटरच्या दोन-तीन फेऱ्या घ्याव्यात. पुल-अप्स, जोर आणि बैठका यांसाठी एक दिवसाआड दहा-पंधरा मिनिटे पुरतात. पुल-अप्ससाठी प्रत्येक वेळी अंगातले सारे बळ संपवण्याऐवजी दोन-तीन कमी करून थांबावे आणि फेऱ्या वाढवाव्यात. एक दिवस पूर्ण विश्रांतीचा हवा. संपूर्ण चाचणी दर तीन-चार आठवड्यांनी एकदाच घ्यावी. रोजच्या रोज परीक्षा घेतल्याने क्षमता वाढत नाही.

पाळीनुसार नियोजन

सकाळच्या पाळीत काम करणाऱ्यांनी सराव संध्याकाळी, घरी पोहोचण्याआधी उरकावा. एकदा अंथरुणावर टेकल्यावर पुन्हा उठणे कठीण जाते. पाळी संपताना घेतलेले केळे किंवा सत्तू येथे कामी येते. दुपारच्या पाळीत काम करणाऱ्यांना सात तासांची झोप झाल्यानंतरची सकाळ मिळते आणि अभ्यास व सराव दोन्हींसाठी ती सर्वांत अनुकूल असते.

रात्रपाळी अधिक अवघड असते. शरीराचे तापमान पहाटे तीन ते पाचच्या सुमारास नीचांकी असते आणि सतर्कताही त्याच वेळी सर्वांत कमी असते. रात्रभर जागून पहाटे थेट मैदानावर जाणे त्यामुळे दुखापतीला निमंत्रण ठरते. सकाळी हलका आहार घेऊन खोलीत अंधार करून झोपावे, दुपारनंतर उठून जेवावे आणि संध्याकाळी कामावर जाण्यापूर्वी सराव करावा, हा क्रम योग्य. पाळी दर आठवड्याला बदलत असल्यास बदलाच्या पहिल्या दोन दिवशी केवळ चालणे किंवा ताणण्याचे व्यायाम करावेत. ज्या दिवशी झोप पाच तासांपेक्षा कमी झाली असेल त्या दिवशी वेगवान सराव टाळावा. ओझी उचलण्याचे किंवा सतत चालण्याचे काम करणाऱ्यांनी ते श्रमही सरावाच्या हिशेबात धरावेत.

उष्णता आणि धोक्याची चिन्हे

या विषयाचे गांभीर्य २०२४ मध्ये झारखंडमध्ये दिसून आले. उत्पादन शुल्क विभागातील शिपाई भरतीसाठी पुरुष उमेदवारांना ६० मिनिटांत १० किलोमीटर धावायचे होते. ऑगस्टच्या अखेरीस सुरू झालेल्या या चाचणीदरम्यान दहाहून अधिक उमेदवारांचा मृत्यू झाला. त्यानंतर राज्य सरकारने चाचणी तीन दिवसांसाठी स्थगित केली आणि सकाळी ९ नंतर धाव घेऊ नये, असे निर्देश दिले. दमट उष्म्यातील धाव ही जीविताशी निगडित बाब असल्याचे या घटनेने अधोरेखित केले.

उष्ण हवामानाशी जुळवून घेण्यास शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. कारखान्यातील वातानुकूलित विभागात काम करणाऱ्याने अचानक दुपारच्या उन्हात वेगवान धाव घेऊ नये. लघवीचा रंग फिकट राहील इतके पाणी प्यावे. खूप घाम गेल्यास लिंबू, मीठ आणि साखरेचे पाणी घ्यावे. सिकलसेलचे गुणवाहक असलेल्या व्यक्तींना तीव्र उष्णतेतील अतिश्रमांचा धोका अधिक असतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानांतर्गत होणाऱ्या तपासणीचा लाभ विशेषतः आदिवासीबहुल भागांतील उमेदवारांनी अवश्य घ्यावा.

धावताना छातीत दुखणे, भोवळ येणे, असंबद्ध बोलणे किंवा झोक जाणे ही चिन्हे दिसताच धाव थांबवावी. उष्माघाताच्या शंकेत व्यक्तीला सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतणे व तातडीने वैद्यकीय मदत मागवणे आवश्यक असते. श्रमानंतर लघवी काळसर तपकिरी होणे हे स्नायूंच्या गंभीर इजेचे लक्षण असून त्यासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नडगीच्या हाडावर एकाच जागी टिकून राहणारी वेदना हाडाला तडा गेल्याची सूचना असू शकते. ती दाबून धावत राहिल्यास भरतीची संधीच हुकते.

कामाचे तास: कायदा आणि धोरण

व्यक्तिगत नियोजनाला मर्यादा असतात. तीन तासांत सात तासांचे काम बसत नाही. म्हणून हा प्रश्न शेवटी कामाच्या तासांपर्यंत येतो. भारतात या मागणीला दीर्घ इतिहास आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून १८९० मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ च्या पहिल्या कराराने उद्योगांत दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांचे तत्त्व मांडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या कारखाना कायद्यातील दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कमाल साप्ताहिक तास ५४ वरून ४८ वर आले.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (ङ) मध्ये कामगारांच्या आरोग्याचा व शक्तीचा दुरुपयोग होऊ नये, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. अनुच्छेद ४२ न्याय्य व मानवीय कार्यपरिस्थितीविषयी, तर अनुच्छेद ४७ पोषणमान व सार्वजनिक आरोग्य उंचावण्याविषयी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० नुसार दिवसाला आठ तासांची मर्यादा आहे. आठवड्यात सहा दिवसांपेक्षा अधिक काम करवून घेता येत नाही. जादा कामासाठी कामगाराची संमती आवश्यक असून त्याचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो.

कामगार हा विषय समवर्ती सूचीत असल्याने राज्यांच्या भूमिकाही महत्त्वाच्या ठरतात. कर्नाटकाने २०२३ मध्ये साप्ताहिक ४८ तासांची मर्यादा कायम ठेवून कारखान्यांतील दैनिक मर्यादा बारा तासांपर्यंत वाढवण्याची तरतूद केली. त्याच वर्षी तमिळनाडूने तशाच आशयाचे विधेयक संमत केल्यानंतर विरोधामुळे मागे घेतले. येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. बारा तासांचे चार दिवस म्हणजे ४८ तास, तर बारा तासांचे सहा दिवस म्हणजे ७२ तास. पहिल्या व्यवस्थेत विश्रांतीचे तीन दिवस उरतात. दुसरीत आठवड्यातून आणखी २४ तास, म्हणजे एक संपूर्ण दिवस-रात्र, कमी होते. बारा तासांची पाळी हा शब्द सारखा असला तरी तरुणाच्या आरोग्यावरील परिणाम सारखा राहत नाही.

नोकरी सांभाळून सैनिकी प्रशिक्षण शक्य असल्याचे प्रादेशिक सेनेचे उदाहरण दाखवते. १९४८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी औपचारिक उद्‌घाटन झालेल्या या सेनेत नागरी व्यवसाय करणारे नागरिक ठरावीक काळ प्रशिक्षण घेतात. मात्र त्या प्रशिक्षणासाठी निश्चित कालावधी राखून ठेवलेला असतो. भरतीची तयारी करणाऱ्या कामगाराला असे संरक्षण नसते. पाळीचे वेळापत्रक आधी कळवणे, साप्ताहिक सुट्टी प्रत्यक्षात देणे, उपाहारगृहात डाळ-कडधान्यांची सोय करणे आणि औद्योगिक वसाहतींजवळ रात्री प्रकाश असलेली मैदाने उभारणे या कमी खर्चाच्या उपायांनी पुष्कळ साध्य होऊ शकते.

समारोप

दीर्घ पाळी करणाऱ्या उमेदवाराकडे जिद्दीची उणीव नसते. त्याच्याकडे वेळ आणि विश्रांती यांची टंचाई असते. म्हणून त्याने पहिल्यांदा सात तासांची झोप वेगळी काढावी, नंतर ताट भरावे, रक्त तपासून घ्यावे आणि उरलेल्या वेळेत थोडा पण नेमका सराव करावा. क्रम उलटा झाल्यास शरीर कर्जबाजारी होते आणि ते कर्ज भरतीच्या दिवशीच वसूल होते. त्याचबरोबर कामाच्या तासांचा कायदा कागदावरून कामाच्या जागी पोहोचणे ही समाजाची आणि शासनाची जबाबदारी आहे. देशाच्या रक्षणासाठी पुढे येणाऱ्या तरुणाला निरोगी अवस्थेत मैदानापर्यंत पोहोचता यावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. साप्ताहिक ४८ तासांची मर्यादा चार दिवसांत आणि सहा दिवसांत विभागल्यास कामगाराच्या आरोग्यावर होणाऱ्या परिणामांची तुलना करा.

२. रक्तक्षयाचा युवकांच्या कार्यक्षमतेवर होणारा परिणाम राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आधारे स्पष्ट करा.

३. एका ६० किलो वजनाच्या उमेदवाराने आठवड्यात एकूण १५ किलोमीटर धाव घेतल्यास त्याला किती अतिरिक्त किलोकॅलरी लागतील? ही गरज स्थानिक अन्नपदार्थांतून कशी भागवता येईल?

४. राज्यघटनेतील अनुच्छेद ३९ (ङ), ४२ आणि ४७ यांचा परस्परसंबंध उदाहरणांसह विशद करा.